‘पासून’चे इंग्रजी : पूर्ण वर्तमानकाळाची दोन रूपे

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौसर व पांढुर्णा हा मराठी बोलणारा भाग मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे येथील अनेक मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा होते. या तिसऱ्या भाषेत एक चूक वारंवार आढळते. ‘मी दहा वर्षांपासून सौसरला राहत आहे’ हे सांगताना विद्यार्थी ‘आय ॲम लिव्हिंग इन सौसर सिन्स टेन इयर्स’ असे लिहितो.

या चुकीचे मूळ मातृभाषेच्या सवयीत आहे. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी मराठीला वर्तमानकाळ पुरतो. हिंदीतही ‘दस साल से रह रहा हूँ’ असेच म्हणतात. इंग्रजीला तेवढे पुरत नाही. तेथे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, त्यापुढे ‘बीन’ आणि नंतर ‘इंग’ प्रत्यय लागलेले क्रियापद योजावे लागते : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन सौसर फॉर टेन इयर्स.’ यालाच चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात.

वरील चुकीत दुसरीही एक चूक दडली आहे. मराठीतील एका ‘पासून’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. क्रिया केव्हा सुरू झाली हे सांगावयाचे असल्यास ‘सिन्स’ आणि ती किती काळ चालली हे सांगावयाचे असल्यास ‘फॉर’ वापरावे. ‘सोमवारपासून’ म्हणजे ‘सिन्स मंडे’. ‘तीन दिवसांपासून’ म्हणजे ‘फॉर थ्री डेज’.

आता साध्या व चालू रूपांतील भेद पाहू. संत्र्याच्या बागेत तोडणी चालू आहे. ‘वुई हॅव बीन पिकिंग ऑरेंजेस सिन्स सिक्स ओ’क्लॉक’ या वाक्यात काम किती वेळ चालले आहे यावर भर आहे. ‘वुई हॅव पिक्ड ट्वेंटी बास्केट्स’ या वाक्यात किती काम झाले यावर भर आहे. म्हणून संख्या किंवा फलित सांगताना साधे रूप घ्यावे. ‘नो’ म्हणजे ओळखणे, ‘बी’ म्हणजे असणे, अशा स्थितिदर्शक क्रियापदांनाही साधेच रूप लागते : ‘आय हॅव नोन हिम फॉर मेनी इयर्स.’

या भागातील बोलीचा शिक्षकांना चांगला उपयोग होईल. ‘पाऊस येऊन राहिला’ हे ‘इट इज रेनिंग’. परंतु ‘सकाळी सहापासून पाऊस येऊन राहिला’ हे ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स सिक्स’. ‘पासून’ येताच इंग्रजीचा काळ बदलतो, हे मुलांना आपल्याच वाक्यातून पटते.

मराठीत ‘मी काल अर्ज दिला आहे’ असे चालते. इंग्रजीत मात्र गेलेली वेळ स्पष्ट सांगितली की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. ‘पांढुर्णा बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन २०२३’ येथे साधा भूतकाळ हवा. ‘पांढुर्णा हॅज बीन अ डिस्ट्रिक्ट सिन्स २०२३’ येथे पूर्ण वर्तमानकाळ हवा. पहिले वाक्य घडलेली घटना सांगते, दुसरे आजही असलेली स्थिती.

हा भेद केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. सेवेत असलेला शिक्षक अर्जात ‘आय वर्क्ड इन धिस स्कूल फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहितो, तेव्हा वाचणारा अधिकारी त्याने ती नोकरी सोडली असे समजतो. ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’ असे लिहिल्यास नोकरी चालू असल्याचे कळते. या क्रियापदाच्या बाबतीत दोन्ही रूपांचा अर्थ जवळजवळ एकच होतो.

म्हणून शिक्षकांनी वाक्य लिहिण्यापूर्वी मुलांना तीन प्रश्न विचारावेत : क्रिया संपल्याची वेळ सांगितली आहे काय? क्रिया आजपर्यंत पोहोचते काय? भर कालावधीवर आहे की फलितावर? उदाहरणे मुलांच्या घरची व शेतातलीच घ्यावीत. नियम पाठ करविण्याची गरज मग फारशी उरत नाही.