आरटीईची ‘मोफत’ जागा : तिचं बिल कोण भरतं?



मागे एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा विषय चालू होता. एका ताईने ६,००० रुपये मागितले. कारण विचारलं तर म्हणाली, “पोराच्या शाळेत भरा लागते.” तिचा मुलगा आरटीईच्या २५ टक्क्यांमधून खाजगी शाळेत लागलेला. सगळ्या एकदमच बोलल्या, “त्याचं तं फुकट हाय ना माय, मंग पैसे कायचे?” ती म्हणाली, “सरकारचे पैसे आलेच नाही म्हणते शाळा. आले की वापस देतो म्हणे.” पावती? पावती काही नव्हती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, असं असते का?” मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर कायदा परत वाचला, हिशोब मांडला. तोच आज तुमच्यासमोर ठेवते.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अल्पसंख्याक संस्थांच्या विनाअनुदानित शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये यातून सूट दिली.

आपल्या राज्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न मात्र १ लाखाच्या आत पाहिजे.

ही जागा पालकाला फुकट असते, पण सरकारला नाही. सरकार दर मुलामागे शाळेला पैसे देतं. त्याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. सरकारचा स्वतःच्या शाळेत एका मुलावर होणारा खर्च आणि त्या खाजगी शाळेची फी, यात जे कमी असेल तेवढं मिळतं. महाराष्ट्रात हा दर वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये ठरलेला आहे. शाळेची फी १२,००० असेल तर १२,०००. फी ४०,००० असेल तरी १७,६७० च. वरचे २२,३३० शाळेने सोसायचे, पालकाकडून घ्यायचे नाहीत.

बिल किती होतं?

२०२३-२४ मध्ये राज्यात आठ हजारांवर शाळांमध्ये सुमारे १ लाख जागा होत्या आणि साडेतीन लाखांच्या वर अर्ज आले. आता आपल्या गटाच्या वहीसारखा हिशोब करू.

समजा सगळ्या १ लाख जागा भरल्या आणि प्रत्येकीला पूर्ण दर लागला. एका वर्गाचं वर्षाचं बिल झालं १७६ कोटी ७० लाख. पण मूल एका वर्षात बाहेर पडत नाही. ते आठवीपर्यंत शिकतं, आणि मागून दरवर्षी नवीन लेकरं येतात. आठही वर्ग भरलेले असले की बिल होतं १,४१३ कोटी ६० लाख. दरवर्षी!

प्रत्यक्षात सगळ्या जागा भरत नाहीत, सगळ्या शाळांची फीही एवढी नसते. म्हणून खरा आकडा यापेक्षा कमी असतो. पण एक गोष्ट समजून घ्या : आज एका मुलाला हो म्हटलं की सरकार आठ वर्षांचा हप्ता अंगावर घेतं.

तो हप्ता थकतो. २०२४ मध्ये संस्थाचालकांच्या संघटना दोन हजार कोटींहून जास्त रक्कम बाकी असल्याचं सांगत होत्या. त्या थकबाकीचं ओझं मग कुठे सरकतं, ते त्या ताईच्या कर्जमागणीत आपण पाहिलं.

पात्रता वाढवली तर?

बैठकांमध्ये तुम्ही विचारता, “मॅडम, १ लाखाची अट काऊन नाही वाढवत? बारावीपर्यंत काऊन नाही करत?” मागणी चुकीची नाही. पण तिचे तीन हिशोब आहेत.

पहिला : उत्पन्नाची अट वाढवली तरी २५ टक्के जागा तेवढ्याच राहतात. ज्या जागा रिकाम्या राहत होत्या त्या भरतील, तेवढं बिल वाढेल. जिथे आधीच गर्दी आहे तिथे सोडतीची रांग लांबेल. गटात सभासद वाढल्या आणि बचत वाढली नाही, तर कर्जाचा नंबर उशिरा लागतो ना, तसंच. सगळ्यात गरीब लेकराचा नंबर लागण्याची आशा कमी होते.

दुसरा : बारावीपर्यंत केलं तर आणखी चार वर्ग. त्याच दराने, सगळ्या जागा भरल्या असं धरून, वर्षाला जवळपास ७०७ कोटी जास्त.

तिसरा हिशोब आपल्या जिल्हा परिषद शाळेचा. समजा गावच्या पाचवीपर्यंतच्या शाळेत ४० मुलं आणि दोन शिक्षक आहेत. पाच मुलं आरटीईतून खाजगीत गेली. राहिली ३५. कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतातच. म्हणजे पगार तोच, खोल्या त्याच, वाचलं जवळपास काहीच नाही. वरून पाच मुलांचे ८८,३५० रुपये खाजगी शाळेला द्यायचे. मूल गेलं म्हणून सरकारचा खर्चही गेला, असं होत नाही.

२०२४ मध्ये काय झालं?

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खाजगी शाळेला २५ टक्के जागा देण्याची गरज नाही असं ठरलं. जागाच नाही, तर प्रतिपूर्तीही नाही. बिल कमी करायचा सोपा रस्ता. पण गावागावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, म्हणजे बहुतेक खाजगी शाळा यातून सुटल्या असत्या.

पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे ला स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. हक्क वाचला. पण थकलेल्या बिलाचा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. न्यायालयाने दार उघडं ठेवलं, पैसे मात्र तिजोरीतूनच यावे लागतात.

मग आपण काय करायचं?

सरकार आणि शाळा यांचं देणं-घेणं त्यांनी आपसात मिटवायचं. ते आपल्या पदरात घ्यायचं नाही. एवढं लक्षात ठेवा :

• आरटीईच्या मुलाकडून “सरकारचे पैसे येईपर्यंत” म्हणून फी मागता येत नाही. कोणी कोणत्याही नावाने पैसे मागितले, तर कशाचे ते लेखी मागा. पावतीशिवाय रुपया देऊ नका.
• प्रवेशासाठी देणगी घेणं आणि मुलाची किंवा पालकाची परीक्षा घेणं, दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. देणगी घेतली तर दहापट दंड होऊ शकतो.
• तक्रार लेखीच करा, पोच घ्या. आपल्यासाठी मंगरूळपीर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि वाशिमला जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी आहेत. कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय व्हायला पाहिजे. एकटीने जाऊ नका, ग्रामसंघाचा ठराव सोबत न्या.
• मोफत आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी लागते. तेव्हा मुलाचं चालू ठेवून मुलीला घरी बसवलेलं मी पाहिलं आहे. मूल पहिलीत असतानाच नववीच्या नावाने वेगळी बचत सुरू करा.
• जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. नुसतं सहीपुरतं नाव देऊ नका, बैठकीत बसा. गावातली बहुतेक लेकरं तिथेच शिकतात.

त्या ताईचं पुढे काय झालं? गटाने कर्ज लगेच दिलं नाही. आधी दोघीजणी तिच्यासोबत शाळेत गेल्या आणि म्हणाल्या, “पैसे कशाचे, ते लिहून द्या.” शाळेने लिहून दिलं नाही. पैसेही परत मागितले नाहीत. ६,००० रुपये गटातच राहिले.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय ठेवा. पात्रता वाढवा म्हणून ठराव करायचा असेल तर जरूर करा. पण त्याच ठरावात दुसरी ओळही लिहा : शाळांची प्रतिपूर्ती वेळेवर द्या आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पैसा कापू नका. नाहीतर नवीन लेकरांना हक्क मिळेल कागदावर, आणि त्याचं बिल फिरून आपल्याच गटाच्या कर्जवहीत येईल.

— तुमची क्षेत्र समन्वयक, शेलूबाजार