वृक्षमंडूकाचे घर

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व पूर्व भागांत एक हिरवागार बेडूक आढळतो. तळ्यापेक्षा झाडावर राहणे त्याला अधिक प्रिय असते. बोटांच्या टोकांशी असलेल्या वाटोळ्या गाद्यांच्या योगाने तो गुळगुळीत काचेवरूनही सहज चढून जातो. जॉन व्हाइट या शल्यवैद्याने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘निळा बेडूक’! मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा हिरवा रंग पालटून तो निळा झाला होता, त्याचा हा परिणाम.

हा प्राणी मनुष्यवस्तीला बुजत नाही. पन्हळीत, पाण्याच्या टाकीत, फार काय, शौचकूपातही तो खुशाल मुक्काम करतो. त्यामुळे पुष्कळ लोक त्याला हौसेने पाळतात. मात्र न्यू साउथ वेल्स राज्यात त्यासाठी सरकारी परवाना लागतो. नीट निगा राखल्यास तो पंधरा वर्षांहूनही अधिक जगतो; तेव्हा घराची सिद्धता आधी करावी, बेडूक मागाहून आणावा.

घर म्हणजे काचेची पेटी. ती लांबट असण्यापेक्षा उंच असावी, कारण त्याचा संचार वर-खाली चालतो. आत त्याचा भार पेलतील अशा आडव्या-तिरप्या फांद्या व रुंद पानांची झाडे लावावीत. वर जाळीचे घट्ट झाकण हवेच.

परंतु खरी मेख आहे ती बेडकाच्या त्वचेत. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते त्वचेवाटे शोषून घेतो. श्वासोच्छ्वासाचे कामही काही अंशी त्वचाच करते. साहजिकच पाण्यातील अपायकारक द्रव्येही त्याच वाटेने शरीरात शिरतात. आपण निर्धास्तपणे पितो ते नळाचे क्लोरीनयुक्त पाणी त्याला बाधते. असे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन मात्र तसा जात नाही, त्यासाठी निराळे औषध घालावे लागते. पेटी धुताना साबणाचा अंशही मागे राहता कामा नये. बेडकाची विष्ठा व घाण रोज काढावी. ती कुजून अमोनिया तयार होतो आणि तोही त्वचेतूनच भिनतो. त्याला वारंवार हाताळणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. हाताचा घाम व मीठही त्याला सोसत नाही.

पेटीत ओलावा असावा, पण कोंदटपणा नसावा. वारा खेळता नसेल तर बुरशी धरते आणि कातडीचे रोग जडतात. दिवसा एका बाजूस सुमारे २८ अंश सेल्सियस ऊब द्यावी व दुसरी बाजू थोडी थंड ठेवावी, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते. दिवा जाळीबाहेर असावा. आत असल्यास बेडूक त्याला चिकटून भाजतो. तळाशी बारीक खडी पसरू नये, कारण रातकिड्यावर झडप घालताना खडाही पोटात जातो.

दिवसभर तो पाय दुमडून पानाआड निजलेला असतो. अंधार पडला की मात्र हळूच डोळे उघडतो, पाण्याच्या पसरट भांड्यात काही वेळ बसतो, आणि मग फांदीवरून त्याची भटकंती सुरू होते.