‘बसतो हो, घेऊन जा’ म्हणण्याआधी: ऑइल फिल्टर आणि स्पेअर पार्टचं दुकान



स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, "सर, भांडवल किती लागेल आणि मार्जिन किती सुटतं?" प्रश्न रास्त आहे. पण मार्जिन नुसतं खरेदी-विक्रीच्या फरकात नसतं. विकलेला माल परत किती येतो, यावरही ते ठरतं. आणि परत येणाऱ्या मालात ऑइल फिल्टरचा नंबर फार वरचा लागतो. म्हणून आज सगळा धंदा बाजूला ठेवून फक्त या एका डब्याबद्दल बोलू.

आधी गिऱ्हाईक ओळखा. पूर्वी फिल्टर न्यायला यायचा तो मेकॅनिक. त्याला गाडी पाठ असते. चुकलाच तर दहा मिनिटांत पोऱ्याला परत पाठवतो, "हा नाय, दुसरा द्या." विषय संपला. हल्ली दुसरं एक गिऱ्हाईक येतं, घरी स्वतः ऑइल बदलणारं. ऑइल ऑनलाइन मागवलेलं असतं, दोन-तीन व्हिडिओ बघितलेले असतात, पाना मित्राकडून आणलेला असतो. तुमच्याकडून त्याला फक्त फिल्टर हवा असतो. आता त्याची रविवार सकाळ डोळ्यांसमोर आणा. जुनं तेल पूर्ण काढून झालंय, जुना फिल्टर निघालाय आणि नवा बसत नाही. गाडी दुकानापर्यंत आणता येत नाही, कारण इंजिनात तेलच नाही. तुमचं दुकान बंद. सोमवारी पहाटे त्याला दूध घालायला निघायचंय.

मेकॅनिकसाठी जी दहा मिनिटांची कटकट असते, त्यात याचा अख्खा दिवस जातो. आणि तो दिवस त्याच्या लक्षात राहतो तो तुमच्या दुकानाच्या नावासकट.

मग फिल्टर बसत का नाही? सगळ्यात साधं कारण म्हणजे काउंटरवर झालेलं अर्धं संभाषण. "स्विफ्टचा फिल्टर द्या." "हा घ्या." झालं! अहो, पण कुठली स्विफ्ट? पेट्रोल स्विफ्टला पत्र्याचा डबा असतो, आट्यांवर फिरवून बसवायचा. १.३ लिटर डिझेल स्विफ्टला डबा नसतो. तिथे घराच्या आत कागदी फिल्टर असतो, वरून झाकण आणि ओ-रिंग. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण सेकंडहँड बाजारात त्या भरपूर फिरतायत आणि घरी ऑइल बदलणारं गिऱ्हाईक बऱ्याचदा सेकंडहँड गाडीवालंच असतं. तेव्हा मॉडेलचं नाव ऐकून कपाटाकडे वळू नका. आरसी बुकाचा फोटो मागा. त्यावर इंधन, बनावटीचा महिना-वर्ष आणि चासी नंबर, तिन्ही असतं. कंपनीच्या फिल्टरचा पार्ट नंबर चासी नंबरवरून काढायचा, मग बॉश, प्युरोलेटर, एलोफिक, जो ब्रँड ठेवत असाल त्याच्या कॅटलॉगमधून जोडीचा नंबर. दोन मिनिटं लागतात. गिऱ्हाईक चुळबुळ करेल, करू द्या.

आता आट्यांची गंमत. ही नीट समजून घ्या, कारण इथे डोळे फसवतात. डब्याच्या फिल्टरमध्ये दोन माप फार चालतात. एक एम २०, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि १.५ मिलिमीटर पिच. दुसरं पाऊण इंच, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि पिच साधारण १.५९. फरक एका मिलिमीटरच्याही आत! डबे बाहेरून भावंडांसारखे दिसतात. होंडा सिटीच्या पेट्रोल इंजिनाला एम २० लागतो, २००३ नंतर आपल्याकडे आलेल्या जुन्या कोरोलाच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाला पाऊण इंची.

पाऊण इंची फिल्टर एम २० च्या स्टडवर लावला तर दीड-दोन आट्यांत अडकतो. जोर लावला तर आटे जातात, पण निदान अडकल्यामुळे माणूस थांबतो तरी. उलटं झालं तर जास्त वाईट. एम २० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर जातो. सैल जातो, थोडा डुगडुगतो, पण आटे धरल्यासारखं वाटतं. नवख्या माणसाला वाटतं, बसला.

आमच्या काउंटरवर असाच एक तरुण आला होता. जुनी कोरोला, फिल्टर ऑनलाइन घेतलेला, जाहिरातीत गाड्यांची ही लांब यादी. फिल्टर चढत होता, पण "हाताने हलवला की हलतोय" म्हणून पोराने गाडी चालू केली नव्हती. शहाणा पोरगा! नवा आणि जुना दोन्ही फिल्टर पिशवीत घालून बाइकवर आला. जुन्यावरचा नंबर तेलाने आणि उन्हाने पुसून गेलेला. आम्ही काउंटरखालून दोन बोल्ट काढले. जुना फिल्टर पाऊण इंची बोल्टवर गुळगुळीत चढला, नवा त्याच बोल्टवर डुगडुगला आणि एम २० वर मात्र फिट. अर्ध्या मिनिटात निकाल. गार इंजिन चालू होताना तेलाचा दाब तीन-चार बारपर्यंत सहज जातो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. सैल आट्यांवरचा डबा त्या दाबाला किती वेळ टिकला असता, विचार करा. डबा सुटला की तेल रस्त्यावर, आणि तेलाचा लाल दिवा बघून इंजिन बंद करेपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन जातं.

ते दोन बोल्ट तुम्हीही ठेवा. नट-बोल्टच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतील: एक एम २० बाय १.५, एक पाऊण इंच यूएनएफ. दुकानात लागणाऱ्या सगळ्या हत्यारांत एवढं स्वस्त आणि एवढं कामाचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. जाता जाता सांगतो, बोल्टवर फिल्टर चढला याचा अर्थ फक्त आटे जुळले. रबराच्या रिंगचा व्यासही जुन्याशी ताडून बघा. ती इंजिनावरच्या सपाट गोल जागेवर पूर्ण टेकली पाहिजे. आणि उंची बघा, डबा लांब असेल तर खालच्या गार्डला लागतो.

दुसरी तक्रार अशी येते, "तुमचा फिल्टर लीक आहे. चालू केल्या केल्या सगळं तेल खाली." इथे लगेच माल बदलून देऊ नका आणि वादही घालू नका. आधी विचारा, "जुन्या फिल्टरची रबर रिंग जुन्या फिल्टरवरच आहे का बघा बरं." बऱ्याच वेळा ती नसते! उष्णतेने ती इंजिनाला चिकटून राहते, काळी असल्यामुळे दिसत नाही, आणि नवा फिल्टर तिच्यावर बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक. दाब आला की वरची रिंग बाहेर सरकते आणि तेलाचा फवारा. फिल्टर चांगला, आटे चांगले, तरी नाव तुमचं खराब.

कागदी फिल्टरवाल्यांचं दुखणं वेगळं. डब्यातून नवी ओ-रिंग येते, कधी दोन-तीन येतात. माणूस मोठी बदलतो आणि छोटी पॅकेटमध्येच राहते. किंवा फिल्टर झाकणात नीट दाबून बसवलेला नसतो, मग झाकण शेवटचे दोन आटे घेत नाही आणि प्लास्टिकच्या झाकणावर जोर लावला की तडा जातो. काही बाइकच्या फिल्टरवर ‘आउट साइड’ असं छापलेलंच असतं, तरी उलटा बसवतात. आणि साध्या स्प्लेंडरला तर कागदी ऑइल फिल्टरच नसतो, तिथे जाळी असते. तोही मागणारे येतात, हसू नका त्यांना.

एवढं सगळं न बसणाऱ्या फिल्टरबद्दल झालं. मला खरी भीती वाटते ती बसणाऱ्या चुकीच्या फिल्टरची. आटे जुळले, रिंग टेकली, गळती नाही, गिऱ्हाईक खूश. पण डब्याच्या आत दोन झडपा असू शकतात. एक, गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल खाली उतरू न देणारी. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली असलेल्या गाडीत ही नसेल किंवा हलक्या रबराची असेल, तर रोज सकाळी चालू करताना पहिले काही सेकंद इंजिन खडखडतं, कारण तेल वरपर्यंत पोचलेलंच नसतं. दुसरी बायपासची झडप. फिल्टर तुंबला किंवा तेल फार घट्ट असलं, तर न गाळता का होईना पण तेल इंजिनाला मिळावं म्हणून ती उघडते. काही इंजिनांत ही सोय ब्लॉकमध्येच असते, काहींत फिल्टरमध्ये लागते. किती दाबाला उघडायची तेही इंजिनाप्रमाणे बदलतं. बोल्टवर चढवून यातलं काहीच कळत नाही. ते फक्त पार्ट नंबर सांगतो. म्हणून बोल्ट हा ‘नाही’ म्हणायला वापरा, ‘हो’ म्हणायला कॅटलॉग.

आम्ही काउंटरवर एक फिल्टर उभा कापून ठेवलाय. आतला कागद, लाल रबराची झडप, स्प्रिंग, सगळं दिसतं. "तो दुसरा पन्नास रुपयांनी स्वस्त आहे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर तो ठेवायचा. मला काही बोलावं लागत नाही.

आता पैशाचं बोलू. समजा फिल्टर १५० ला घेतला, २०० ला विकला. ५० सुटले. तोच तेल लागून परत आला आणि तुम्ही पैसे परत केले, तर १५० चा माल कचऱ्यात. तीन फिल्टर विकाल तेव्हा तो भरून निघेल. शिवाय कायद्याची एक बाजू आहे, ती नवीन दुकानदारांना कोणी सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विक्रेत्याच्या जबाबदारीचं वेगळं कलम आहे. कंपनीच्या हमीशिवाय तुम्ही स्वतःची स्पष्ट हमी दिलीत, वस्तू त्याप्रमाणे निघाली नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर तुम्हालाही जबाबदार धरता येतं. "बसतो हो, घेऊन जा, गॅरंटी माझी" हे आपण किती सहज बोलतो बघा! त्याऐवजी बिलावर गाडीचं मॉडेल, इंधन, वर्ष आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहा. गिऱ्हाइकाने चुकीची गाडी सांगितली असेल तर तेही बिलावरच दिसतं. माल जीएसटी बिलावरच घ्या. बॉक्सवर एमआरपी, महिना आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर हात लावू नका, किंमत कितीही कमी असो.

घरी बसवणाऱ्याला फिल्टर देताना आमचा मुलगा चार गोष्टी तोंडी सांगतो. तेल काढण्याआधी नवा फिल्टर जुन्याशेजारी धरून बघ. जुनी रिंग निघाली का बोट फिरवून बघ. नव्या रिंगला तेलाचं बोट लाव, रिंग टेकल्यावर बॉक्सवर लिहिलंय तेवढंच, बहुतेक वेळा पाऊण फेरा, हाताने फिरव, पान्याने आवळू नको. चालू करून अर्धा-एक मिनिट गळती बघ, बंद कर, मग डिपस्टिक परत बघ, कारण नवा फिल्टर थोडं तेल पितो. आणि पाचवी, ती मी स्वतः सांगतो: नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लाव. आमचा नियमही तिथेच सांगितला जातो, कोरडा फिल्टर बॉक्ससह आणला तर बदलून मिळेल, तेल लागलेला नाही. हा नियम आधी सांगितला तर भांडण होत नाही, नंतर सांगितला तर होतंच.

नवीन दुकानात फिल्टर किती आणि कुठले भरायचे, हा प्रश्न राहिला. होलसेलर म्हणेल, "शंभर नंबरचा सेट घ्या, स्कीम आहे." त्यातले निम्मे कपाटात पिवळे पडतील. पहिले तीन महिने आपल्या रस्त्यावरून कुठल्या गाड्या जातात आणि शेजारचे दोन मेकॅनिक काय मागतात, तेवढंच ठेवा. बाकीच्यासाठी काउंटरवर एक वही ठेवा, ‘नाही म्हणालो’ वही. मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते सगळं त्यात. रकाने चार पुरेत: तारीख, गाडी, पार्ट नंबर, आणि गिऱ्हाईक उद्यापर्यंत थांबायला तयार होतं का.