ट्रॅकवरच्या मोटारीची इंधनटाकी

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन ग्रांप्रीच्या पहिल्याच फेरीत फ्रेंच चालक रोमाँ ग्रोजाँ याची फॉर्म्युला वन मोटार कडेच्या पोलादी कठड्यावर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले. धडकेच्या क्षणी वेग होता ताशी १९२ किलोमीटर. लगेच आगीचा लोळ उठला. सुमारे २७ सेकंदांनी ग्रोजाँ स्वतःच त्यातून बाहेर आला. हात भाजले होते, जीव वाचला होता. 'एफआयए' या जागतिक मोटारक्रीडा महासंघाच्या चौकशीत इंधन सांडण्याच्या दोन मुख्य वाटा निष्पन्न झाल्या. टाकीच्या डाव्या बाजूचे तपासणी-झाकण सरकले होते आणि इंजिनाकडे जाणाऱ्या इंधननळीचा जोड पिशवीपासून उपटला गेला होता. आपली मोटार ट्रॅकसाठी सजवणाऱ्या हौशी चालकांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शर्यतीच्या भाषेत या टाकीला 'सेफ्टी फ्युएल सेल' म्हणतात. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. तिची रचना तीन थरांची असते. बाहेर धातूची पेटी, आत मजबूत धाग्यांचे कापड गुंफलेली रबरी पिशवी आणि पिशवीत जाळीदार स्पंज. पत्र्याची टाकी दबली की फुटते. पिशवी दबते, आकार बदलते, पण सहसा फाटत नाही. स्पंजामुळे पेट्रोल हिंदकळत नाही आणि टाकीतल्या वाफेने पेट घेतलाच, तर ज्वाला पसरण्यास अटकाव होतो.

ही व्यवस्था रूढ होण्यास दोन भीषण अपघात कारणीभूत ठरले. मे १९६४ मध्ये अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने अमेरिकेत शार्लट आणि इंडियानापोलिस येथील शर्यतींत मोटारींनी पेट घेतला. इंडियानापोलिसला एडी सॅक्स व डेव्ह मॅकडॉनल्ड मृत्युमुखी पडले. शार्लटला भाजलेला फायरबॉल रॉबर्ट्स जुलैत गेला. फॉर्म्युला वनमध्ये पिशवीची टाकी १९७० मध्ये सक्तीची झाली.

निवड करताना पहिली सावधगिरी नावाबाबतच बाळगावी लागते. नुसता स्पंज भरलेला ॲल्युमिनियमचा डबाही बाजारात 'फ्युएल सेल' म्हणून विकला जातो. दिसायला तो देखणा असतो, पण त्यात पिशवीच नसते. पत्रा चेपला आणि वेल्डिंग उकलले की संपले. खऱ्या पिशवीवर एफआयएच्या मानकाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव, अनुक्रमांक आणि मुदत यांची नोंद असते. एफटी३, एफटी३.५ आणि एफटी५ अशा तिच्या चढत्या श्रेणी आहेत. फॉर्म्युला वनला एफटी५ लागते. हौशी चालकाच्या मोटारीला एफटी३ पुरेशी ठरते. मुदत पाच वर्षांची असते व उत्पादकाने तपासून प्रमाणित केल्यास आणखी दोन वर्षे मिळतात. परदेशातून स्वस्तात मिळणारी जुनी पिशवी म्हणूनच महागात पडू शकते.

आकाराचा मोह टाळावा. ट्रॅकवर लिटरला चार-पाच किलोमीटरच मिळतात असे धरले, तरी अर्ध्या तासाच्या सत्रात, ताशी १०० किलोमीटरच्या सरासरीने, दहा-बारा लिटर खर्च होतात. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे तीस किलो वजन. त्याहून मोठी टाकी बहुतेकांना अनावश्यक ओझे ठरते.

खरी कसोटी बसवण्यात आहे. पेटी मागच्या चाकांच्या मधोमध, शक्य तितकी पुढे आणि बंपरपासून दूर असावी. डिकीच्या पातळ पत्र्यावर चार बोल्ट मारून भागत नाही. चॅसीला जोडलेली चौकट आणि तिला पेटी आवळणाऱ्या धातूच्या पट्ट्या हव्यात. पेटीच्या आत बोल्टचे टोक वा पत्र्याची धार राहिली, तर पिशवी अपघाताविनाच फाटते. आपल्याकडे ट्रॅकसाठी बहुधा हॅचबॅक वापरल्या जातात आणि त्यांत डिकी व चालक यांच्यामध्ये भिंतच नसते. तेथे धातूची, सर्व फटी बुजवलेली फायरवॉल उभारल्याशिवाय टाकी आणूच नये.

मग येतात भोके, म्हणजे भरण्याचे तोंड, ब्रीदर, पंपाची नळी आणि परतीची नळी. मोटारीचा पत्रा चेपताना टाकी जागेवर राहिली, तर ताण नेमका या जोडांवर येतो. म्हणून भरण्याच्या तोंडाकडून येणारी जोडणी ताठ पाइपाची नव्हे, तर लवचिक नळीची करावी. तोंडाशी एकमार्गी झडप बसवावी. नळ्यांना थोडी ढील ठेवावी. ब्रीदरला मोटार उलटल्यावर बंद होणारी झडप लागते आणि त्याचे टोक मोटारीबाहेर सोडावे लागते. इंजिन बंद पडताच पंपही बंद झाला पाहिजे, अन्यथा तुटलेल्या नळीतून तोच आगीला इंधन पुरवत राहतो. भरताना स्थिर विद्युतभाराची ठिणगी पडू नये, यासाठी टाकीचे तोंड व पेटी तारेने चॅसीला जोडावी. ही तार फार स्वस्त असते आणि बहुधा तीच विसरली जाते.

एवढे नीट जमणार नसेल, तर कंपनीची मूळ टाकी बरी. आजची प्लास्टिकची टाकी बहुधा मागच्या आसनाखाली, धडकेपासून बऱ्यापैकी सुरक्षित जागी असते आणि तिच्यासह मोटारीच्या धडक-चाचण्या झालेल्या असतात. रस्त्यावरही चालवायच्या मोटारीत असा बदल करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, ते निराळेच.

बसवल्यानंतरही लक्ष ठेवावे लागते. स्पंज कालांतराने विरतो आणि त्याचा चुरा फिल्टरमध्ये अडकतो. पंपाचा आवाज बदलला किंवा फिल्टर वारंवार तुंबू लागला, तर पिशवी उघडून स्पंज बदलावा. देशभर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळू लागल्यापासून हा मुद्दा अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण प्रत्येक स्पंज व प्रत्येक रबर इथेनॉलला टिकतेच असे नाही. पिशवी मागवतानाच उत्पादकाकडून तसे लेखी घ्यावे.