मुक्कामी हात हवा

दिघीहून मुरूडकडे निघालं की वाटेत खाडी आणि आगरदांड्याची फेरीबोट. श्रीवर्धनहून माणगावला निघालं की म्हसळ्यापासून वळणंच वळणं. या किनाऱ्यावर मी परिचारिका म्हणून आयुष्य काढलं. बाळ आडवं असलं किंवा त्याचे ठोके मंदावले, की आम्ही केसपेपरवर 'रेफर' लिहायचो. सासू विचारायची, ''सिस्टर, पोर वाचंल ना माझी?'' बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही, तर अंगावरून इतकं जातं की दोन तासांतही बाई हातची जाते. मग वाटेला किती वेळ द्यायचा?

जवळपास शस्त्रक्रिया करणारं कुणी नसण्याची ही अडचण मोझांबिकमध्ये कितीतरी मोठी होती. १९७५ साली देश स्वतंत्र झाला, बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले, पाठोपाठ यादवी पेटली. १९८४पासून तिथं डॉक्टर नसलेल्या अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन वर्षं शस्त्रक्रिया शिकवू लागले. मापुतोत त्यांनी केलेली ९५८ सीझर आणि डॉक्टरांनी केलेली १,११३ सीझर ताडून पाहिली, तेव्हा आई-बाळाच्या जिवाच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. पुढच्या एका पाहणीत मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट: सात वर्षांनंतरही या कर्मचाऱ्यांपैकी ८८ टक्के जण जिल्हा रुग्णालयांतच होते. तिथं नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

आपल्याकडे सीझर डॉक्टरनेच करायचं. म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १६ आठवडे सीझरसह तातडीच्या प्रसूतिसेवेचं आणि १८ आठवडे भूल देण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. परिचारिकांनाही अधिकार मिळाले: रक्तस्रावावर ऑक्सिटोसिन आणि झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. या डोसाने झटके आटोक्यात येतात आणि बाईला पुढच्या रुग्णालयापर्यंत नेता येतं.

पण सीझर शिकलेला डॉक्टर आहे आणि भूल देणारा नाही, तर टेबल रिकामंच राहतं. दोघेही आहेत आणि रक्त नाही, तरी तेच. एकाची बदली झाली की दुसऱ्याचं शिक्षणही वाया जातं. म्हणून माझं मागणं आहे: या दोघांना जोडीनेच नेमा, जोडीनेच बदला, शेजारी रक्त साठवणूक केंद्र चालू ठेवा, त्यांना राहायला बरं घर द्या. मोझांबिकने शिकवलेली माणसं टिकली, म्हणून तिथल्या बाया वाचल्या. आपण शिकवतो, आता टिकवायलाही हवं.