स्पर्शाचे शिक्षण

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. एखाद्या मुलीने आयटीआयला कॉस्मेटॉलॉजी घेतली असे कळले, की शिकलेसवरलेलेही नाक मुरडतात. ‘पार्लरचे काय शिकायचे?’ म्हणतात. वकिली, डॉक्टरकीची आस असलेल्या मुलीला कुणी इकडे ढकलू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण जिने हा मार्ग स्वतः निवडला, तिला हिणवण्याचा अधिकार कुणाला आहे?

एक वर्षाचा हा शासनमान्य अभ्यासक्रम आहे. दहावी उत्तीर्णांना प्रवेश मिळतो, अनुसूचित जातींना राखीव जागा असतात. थ्रेडिंग, फेशियल, केस कापणे, मेकअप यांबरोबर साधनांचे निर्जंतुकीकरणही शिकावे लागते. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, हा धंदा स्पर्शाचा आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा, केस, पाय हातात घेतल्याशिवाय यातले काम होतच नाही. ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, ज्यांच्या डोक्याला गावचा न्हावी वस्तरा लावीत नसे, त्यांची लेक आज परीक्षा देऊन हे काम करते. तो न्हावीही जन्मानेच त्या कामाला जुंपलेला होता. हिने ते निवडले आहे.

बाबासाहेबांनी याची तरतूद आधीच करून ठेवली. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत आजच्या कलम 15 वरील चर्चेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला. जो कुणी मागेल त्याला आपली सेवा देण्यास मालक तयार असतो ते दुकान, असा व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. म्हणजे सलून आणि पार्लरही त्यात आले. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याच कारणावरून धंदा किंवा नोकरी करण्यास अटकाव करणे हाही गुन्हा आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसृष्टीतील संघटनेचा, स्त्रियांना मेकअप आर्टिस्टचे कार्ड नाकारणारा नियम रद्द केला. कोणते काम कुणी करायचे हे जन्म ठरवू शकत नाही, मग तो जन्म जातीचा असो वा स्त्रीचा.

तरीही कायद्याचा हात सगळीकडे पोहोचत नाही. मालकीण आडनाव विचारते आणि ‘जागा भरली’ म्हणते. गिऱ्हाईक आडनाव ऐकून पुन्हा फिरकत नाही. पुरावा कसला द्यायचा? पोटासाठी कुणी आडनाव लपवत असेल तर आम्ही तिला दोष देणार नाही. दोष विचारणाऱ्याचा आहे.

चळवळीने मात्र येथे गप्प बसू नये. आमच्यातील वकिलांनी आयटीआयमध्ये जाऊन या मुलींना हे कायदे समजावून द्यावेत. महिला मंडळांनी, बचत गटांनी पहिल्या खुर्चीचे, पहिल्या आरशाचे भांडवल उभे करावे. जयंतीच्या मिरवणुकीवर आम्ही वर्गणी काढतोच, त्यातला काही वाटा इकडे वळवावा. दुकान तिचे स्वतःचे झाले, की आडनाव विचारून तिला परत पाठवणारी मालकीण उरणार नाही. त्या दुकानाच्या दारावर तिच्या पूर्ण नावाची पाटी लागली पाहिजे.