पाठीवरच्या बॅगेत मावणारा पेडलबोर्ड : आधी विजेचा हिशोब, मग पेडलची खरेदी

बेळगावातून गोव्याला वाजवायला जाणाऱ्या गिटारवाल्यांची एक नेहमीची अडचण असते. एका हातात गिटार, पाठीवर कपड्यांची बॅग आणि वर इफेक्ट पेडल्सची आठ-दहा किलोची पेटी. चोर्ला घाटातून दुचाकीवर किंवा बसने जाताना ती पेटी ठेवायची कुठं? गोवा एक्स्प्रेसने गेलं तरी लोंढ्याच्या गर्दीत ती सांभाळत बसावं लागतं.

यावर उपाय म्हणून आता मिनी पेडल्स घेतली जातात. मोबाईलवर फोटो बघितले की सगळं सोपं वाटतं. पण पेडल लहान झालं म्हणून केबल, पिना आणि अडॅप्टर लहान होत नाहीत. आणि ऐन कार्यक्रमात आवाज जातो तो बहुतेक वेळा पेडलमुळं नाही, तर याच गोष्टींमुळं. म्हणून खरेदीआधी थोडा हिशोब मांडून बघूया.

जागेचा हिशोब

नेहमीचं पेडल म्हटलं की बॉसचं पेडल डोळ्यासमोर येतं. जपानच्या रोलँड कंपनीने बॉस या नावाने १९७७ मध्ये ही पेडल्स बाजारात आणली. त्यांची रुंदी ७.३ सेंटिमीटर, लांबी सुमारे १३ सेंटिमीटर. मिनी पेडल साधारण ४.२ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटरच्या थोडं वर लांब असतं. चीनमधल्या शेन्झेनच्या मूअर कंपनीने अशा पेडल्सची मोठी मालिकाच काढली. पुढे टीसी इलेक्ट्रॉनिक, आयबनीझ यांसारख्या जुन्या कंपन्याही या आकारात उतरल्या.

पाच पेडल्स धरा : ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब. मिनी असतील तर २१ सेंटिमीटर. मधल्या चार फटींत चपट्या पिनेच्या पॅच केबलसाठी प्रत्येकी २ प्रमाणे ८ सेंटिमीटर. एकूण २९. म्हणजे १४ इंची बोर्डावर आरामात बसतात. हीच पाच नेहमीच्या आकाराची घेतली तर साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर होतात, ती त्या बोर्डावर मावणार नाहीत.

मात्र आपला बूट लहान होत नाही. तो साधारण १० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे अंधारात एक दाबायला गेलं की शेजारचंही दाबलं जातं. म्हणून सारखी लागणारी दोन पेडल्स शेजारी ठेवू नका. वरच्या क्रमात ओव्हरड्राइव्ह आणि डिले यांच्या मध्ये कोरस येतो, ते त्यासाठीही सोयीचं आहे. बहुतेक पेडल्समध्ये गिटारची केबल उजव्या बाजूला लागते, त्यामुळं ट्यूनर सर्वांत उजवीकडे येईल.

विजेचा हिशोब

मिनी पेडलमध्ये बॅटरीला जागा नसते. म्हणजे पॉवर सप्लाय गेला की सगळंच गेलं. अडॅप्टर घेताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, व्होल्टेज. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो. पेडलवर जेवढं लिहिलंय तेवढंच द्यायचं.

दुसरी, पिनेची बाजू. गिटार पेडल्सना साधारणपणे मध्यभागी निगेटिव्ह असलेली पिन लागते. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर दिसायला तसाच असतो, पिनही बसते, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्यभागी पॉझिटिव्ह असतो. तो लावून पेडल जळू शकतं. अडॅप्टरवरची गोलाची खूण बघितल्याशिवाय पिन लावू नका.

तिसरी, मिलीअँपिअर. ओव्हरड्राइव्हला १० मिलीअँपिअरही पुरतात, पण डिजिटल डिले आणि रिव्हर्बला प्रत्येकी १०० च्या आसपास लागू शकतात. समजा ट्यूनरला ४०, कोरसला २० धरले, तर पाचांची बेरीज २७० होते. काठावरचा अडॅप्टर न घेता ५०० चा घ्या. मिलीअँपिअर जास्त असले तर नुकसान नाही, पेडल लागेल तेवढीच वीज घेतं.

आता खरा प्रश्न. एकाच अडॅप्टरला पाच फाटे असलेली वायर स्वस्त पडते आणि वजनालाही हलकी. पण डिजिटल पेडलचा आवाज त्या वायरीतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि स्पीकरमधून शीळ किंवा घरघर ऐकू येते. प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा आयसोलेटेड सप्लाय हा त्यावरचा उपाय. त्याला एक-दोन मिनी पेडल्सएवढे पैसे जातात. तरी पैसे कमी असतील तर एक पेडल कमी घ्या, सप्लायमध्ये काटकसर करू नका.

पॉवर बँकेवर चालणारे सप्लायही मिळतात. जिथं प्लग लांब असतो तिथं ते उपयोगी. पण पेडल्स फार कमी वीज ओढत असतील तर काही पॉवर बँका ‘काम संपलं’ समजून आपोआप बंद होतात. घरी दोन तास सलग चालवून बघा. सांबऱ्याहून विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते आणि १०० वॅट-अवरपर्यंतचीच सहज चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवर होते.

कुठं वाचवता येईल?

बोर्डावर. ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची पट्टी कापून घ्या, वायरी खाली जायला दोन खाचा ठेवा आणि वेल्क्रो लावा. मिनी पेडल हलकं असतं, नुसतं ठेवलं तर केबलच्या ओढीनंच फिरतं, त्यामुळं वेल्क्रो हवाच.

पॅच केबल मात्र चांगली घ्या आणि एक जादा ठेवा. शिवाय गिटारपासून थेट अँपपर्यंत पोचेल अशी सहा मीटरची एक केबल बॅगेत असू द्या. आवाज गेला तर बोर्ड बाजूला काढून गाणं पूर्ण करता येतं. बिघाड कुठं आहे ते मध्यंतरात एकेक पेडल जोडत शोधायचं. हॉटेलवाला किंवा लग्नघरचा माणूस कुठली केबल गेली हे विचारत नाही, तो पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो.

हे सगळ्यांसाठी नाही

ऑर्केस्ट्रात प्रत्येक गाण्याला वेगळा आवाज लागतो, तिथं पाच पेडल्स पुरणार नाहीत. त्यांना मल्टी-इफेक्ट बरा. बॉसचा जीटी-१ सुमारे १.३ किलोचा आहे आणि चार पेन्सिल सेलवरही चालतो. मिनी बोर्ड कामाचा आहे तो चार-पाच ठरलेले आवाज वापरणाऱ्यांसाठी.

सुरुवात करायची तर ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि डिले एवढ्यावरच करा, सप्लाय मात्र पाच आउटलेटचा घ्या. दोन-तीन कार्यक्रम वाजवल्यावर चौथं पेडल खरंच लागतंय असं वाटलं तर जागा आणि वीज दोन्ही शिल्लक असेल.